नायटाझीन टेस्ट स्ट्रिप: घ्या, पण नुसत्या तिच्यावर विसंबू नका

नायटाझीन म्हणजे ड्रग्जमध्ये मिसळलेली सापडणारी, अफूसारखा परिणाम करणारी अतिशय तीव्र कृत्रिम द्रव्यं. फेंटानिल या तशाच दुसऱ्या द्रव्याची स्ट्रिप नायटाझीन पकडतच नाही, म्हणून ही वेगळी घ्यावी लागते आणि घ्यायलाच हवी. वापरायला सोपी आहे, ड्रगचा नमुना पाण्यात विरघळवायचा, स्ट्रिप बुडवायची, थोडं थांबायचं. पण रेघा नीट बघा हं, कोविड किटच्या बरोब्बर उलट आहे, एकच रेघ आली तर पॉझिटिव्ह आणि दुसरी रेघ अगदी फिकट दिसली तरी निगेटिव्ह, गोंधळ इथेच होतो. मात्रा किती ते कळत नाही, शिवाय एटोडेसनायटाझीनसारखे काही प्रकार निसटतात, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे सेफ असं अजिबात धरू नका. नॅलोक्सोन, म्हणजे अशा ओव्हरडोसवरचं उतारा औषध, जवळ ठेवाच, ते नायटाझीनवरही चालतं, फक्त कधीकधी एका डोसने भागत नाही, म्हणून श्वास मंदावलेला दिसला की लगेच अ‍ॅम्ब्युलन्सही बोलवा.