फोटो प्रिंटर चालू ठेवावा की बंद करावा? खानापुरातील 14 महिन्यांचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातील खानापूरच्या बाजारपेठेत आमचे फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सचे लहानसे दुकान आहे. सहा रंगांचा आणि शाईच्या टाक्या असलेला इंकजेट फोटो प्रिंटर मी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास, म्हणजे लग्नसराईच्या तोंडावर घेतला, त्याला आता 14 महिने होत आले. छपाईचा दर्जा, रंग आणि वेग यांबाबत मी समाधानी आहे, त्यामुळे त्याविषयी वेगळे लिहीत नाही. ज्या प्रश्नाने मला पहिले सहा महिने छळले, तो असा, की दोन कामांच्या मध्ये हे यंत्र चालू ठेवावे की बंद करावे? विक्रेत्याने सांगितले की काम झाले की बंद करा. बेळगावातील एका जुन्या फोटोग्राफरने सांगितले की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, वाचवायचा असेल तर कधीच बंद करू नका. दोघेही अनुभवी असल्यामुळे मी आधी एकाचे ऐकले, मग दुसऱ्याचे.

पहिले तीन महिने मी विक्रेत्याच्या सल्ल्याने चाललो. त्याला घरातूनही पाठिंबा होता, कारण रिकामे यंत्र चालू ठेवणे आमच्या आप्पांना मुळीच खपत नाही. गिऱ्हाईक आले की प्रिंटर सुरू करायचा, पासपोर्ट फोटोंची एक शीट काढायची आणि पुन्हा बंद करायचा, असे दिवसातून सात-आठ वेळा होत असे. प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्र मिनिटभर घरघरत असे आणि अधूनमधून ही घरघर नेहमीपेक्षा बरीच लांबत असे. टाकीवर पट्टी चिकटवून मी पेन्सिलीने शाईच्या पातळीची खूण करून ठेवत होतो. ज्या दिवशी घरघर लांबली, त्या दिवशी केलेल्या कामाच्या मानाने शाई जास्त उतरलेली दिसे. यंत्र सुरू होताना हेडची सफाई करून घेते, म्हणजे नोझलमधून (हेडच्या बारीक छिद्रांतून) थोडी शाई ओढून फेकून देते. ती शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजमध्ये, ज्याला आपण वेस्ट इंक पॅड म्हणतो, तिथे जाते. हा स्पंज भरत आला की यंत्र त्याचा हिशेब ठेवून एक दिवस छपाईच थांबवते. शाई बाटलीतून पुन्हा भरता येते आणि ती फार महागही नाही, पण पॅड बदलण्यासाठी यंत्र उचलून सुमारे 25 किलोमीटरवरच्या बेळगावला न्यायचे म्हणजे दुकानाचा एक दिवस गेलाच. त्यामुळे सतत चालू-बंद करण्याचा खरा तोटा मी शाईपेक्षा या पॅडच्या खात्यात मांडतो.

त्यानंतर मी फोटोग्राफरचा सल्ला मानला आणि प्रिंटर रात्रंदिवस चालू ठेवू लागलो. वीज किती जाते, हा आप्पांचा पहिला प्रश्न होता. काम नसताना असे यंत्र निद्रावस्थेत जाते. त्या स्थितीत ते तीन वॉट घेते असे धरले, तरी महिनाभर अखंड चालू राहून सव्वादोन युनिटांच्या आतच राहते. घरगुती मीटरला कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटांपर्यंत सवलत मिळते, दुकानाच्या मीटरला ती नाही, हे खरे आहे. तरीही दोन युनिटांचा खर्च दोन कप चहाच्या आसपासच असल्यामुळे तो मुद्दा तिथेच संपला.

खरा धडा मात्र एप्रिलमध्ये मिळाला. चंदगडला आमच्या मावसबहिणीचे लग्न होते आणि निघण्याच्या गडबडीत मी शेवटची शीट छपाईला लावून बॅगा भरायला घरात गेलो. आप्पांनी जुन्या सवयीप्रमाणे दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढला. शीट अर्धीच छापली गेली होती आणि हेड कागदाच्या मध्यावर, उघड्यावर थांबले होते. आम्ही चौथ्या दिवशी परतलो. त्याच सकाळी एक आजी पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आल्या आणि छापून आलेल्या शीटवर त्यांचा चेहरा कच्च्या कैरीसारखा हिरवट दिसत होता. आजींनी शीट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, “बाळा, मी एवढी आजारी दिसते होय?”

नोझल चेक, म्हणजे छिद्रांच्या तपासणीचे पान, काढून पाहिला. त्यावर सहा रंगांच्या बारीक रेषांच्या पायऱ्या छापल्या जातात आणि प्रत्येक छोटी रेष म्हणजे एक नोझल असते. काळा, पिवळा आणि निळा ठीक होते, मॅजेंटाच्या, म्हणजे गडद गुलाबी शाईच्या, पायऱ्यांमध्ये ठिकठिकाणी खिंडी पडल्या होत्या आणि फिक्या मॅजेंटाच्या तर जेमतेम चार-पाच रेषा उमटल्या होत्या. त्वचेचा रंग प्रामुख्याने याच शाईवर उभा असतो. ती आटली की चेहरा हिरवा पडतो. मी लागोपाठ तीन वेळा क्लिनिंग मारले आणि तरीही खिंडी राहिल्यावर बेळगावातील ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : “मालक, बटण दाबून बंद केला होता, की बोर्डावरनं?” पुढे त्याने मला आणखी क्लिनिंग मारण्यास सक्त मनाई केली आणि यंत्र त्याच्याच बटणाने बंद करून रात्रभर तसेच ठेवण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच क्लिनिंगमध्ये दोन-तीन रेषा वगळता सर्व नोझल उघडले आणि त्या उरलेल्या रेषाही आठवडाभराच्या नेहमीच्या छपाईत परत आल्या. आजींना नवी शीट अर्थातच विनामूल्य दिली.

मेकॅनिकच्या प्रश्नात सगळे उत्तर होते. नोझलचे छिद्र केसाहून बारीक असते आणि त्यातून पडणारा थेंब दीड-दोन पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लाख कोटीवा भाग. शाईत मुख्यत्वे पाणीच असते आणि ते लवकर उडू नये म्हणून ग्लिसरीनसारखी द्रव्ये मिसळलेली असतात, पण एवढ्या बारीक तोंडाशी हवा लागली की शेवटी शाई घट्ट होतेच. म्हणून काम संपल्यावर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर, म्हणजे कॅपवर बसते आणि नोझलची तोंडे झाकली जातात. यंत्र स्वतःच्या बटणाने बंद केले तरी हेड कॅपवर बसते, आणि चालू ठेवून काही वेळ रिकामे सोडले तरी ते तिथेच असते. म्हणजे हेडच्या दृष्टीने पाहिले तर चालू आणि बंद या दोन अवस्थांत फारसा फरकच नाही. फरक पडतो तो भिंतीवरच्या स्विचने किंवा वीज गेल्याने यंत्राचा श्वास मध्येच तुटला तर, कारण तेव्हा हेडला घरी जायला वेळच मिळत नाही. आणि वीज परत आल्यावर माझे यंत्र आपोआप सुरू होत नाही. मी बटण दाबेपर्यंत हेड जिथल्या तिथे उघडेच राहते.

नुसते चालू ठेवल्याने शाई ओली राहते, हा समजही मला जांबोटीच्या एका शिक्षकांमुळे सोडावा लागला. त्यांच्या घरी याच जातीचा प्रिंटर आहे. त्यांनी तो वर्षभर बंद केला नाही, पण छपाई महिन्या-दीड महिन्यातून एकदाच केली, आणि त्यांच्या नोझल चेकच्या पानावर माझ्या एप्रिलमधल्या पानासारख्याच खिंडी होत्या. नोझलमधली शाई बदलते ती छपाईने. सर्वच यंत्रांना मात्र हा नियम सरसकट लागू करता येणार नाही. एचपीच्या डिझाइनजेटसारख्या, नकाशे-आराखडे छापणाऱ्या मोठ्या प्लॉटरांना चालू ठेवण्याची शिफारस कंपनीच करते, कारण ते मधूनमधून स्वतःची देखभाल करून घेतात. ज्या घरगुती यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच, म्हणजे शाईच्या डबीलाच, जोडलेले असते, तिथे कार्ट्रिज बदलले की नवे हेड मिळते, त्यामुळे धोका बराच कमी आहे. आमच्यासारख्या कायमच्या बसवलेल्या हेडच्या यंत्रांत ती सोय नाही.

जून लागला आणि खानापूरचा पाऊस सुरू झाला. त्या तीन-साडेतीन महिन्यांत माझा एकही नोझल जाम झाला नाही. हवाच इतकी ओली होती की सुकायला कागदसुद्धा तयार नव्हता. फोटो पेपर कडेला वळत असे आणि ताजे फोटो एकमेकांवर ठेवले तर चिकटत, म्हणून पाकीट उघडले की उरलेला कागद मी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागलो. पावसाळ्यातली खरी अडचण विजेची होती. दिवसातून चार-चार वेळा वीज जात असताना छपाई मध्येच तुटू नये म्हणून मी प्रिंटर दुकानातील इन्व्हर्टरवर घेतला. इंकजेट छपाई करतानाही एका दिव्याएवढीच वीज घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरला त्याचा भार जाणवत नाही. शेजारचा लेझर प्रिंटर मात्र शाईची पूड भाजून चिकटवण्यासाठी शेकडो वॉट ओढतो, म्हणून त्याला त्यावर जागा नाही. नव्या खरेदीदाराने प्रिंटरबरोबर दुसरे काही घ्यायचे असेल, तर महागड्या कागदाच्या आधी ही सोय करावी, असे माझे मत आहे.

वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट असतो आणि तेव्हा प्लग काढून ठेवणेच शहाणपणाचे असते. पण त्यातही क्रम चुकवू नये. आधी यंत्राचे बटण दाबावे, हेड कोपऱ्यात जाऊन बसल्याचा खट् असा आवाज ऐकावा, दिवा लुकलुकणे थांबून पूर्ण विझू द्यावा आणि मगच प्लगला हात लावावा.

गेले सहा-सात महिने मी सकाळी दुकान उघडताना प्रिंटर एकदा सुरू करतो, दिवसभर चालू ठेवतो आणि रात्री त्याच्या बटणाने बंद करतो. चार दिवस रंगीत काम आले नाही, तर सहाही रंग लागतील असा एक 4 बाय 6 चा फोटो मुद्दाम काढतो. महिन्यातून एकदा कॅपच्या रबरी कडेवर साचलेली शाई धागे न सुटणाऱ्या ओल्या फडक्याने टिपून घेतो, कारण त्या कडेवर धूळ किंवा वाळलेला थर असेल तर टोपी घट्ट बसत नाही. या काळात क्लिनिंग दोनदाच मारावे लागले. ज्यांची छपाई महिन्यातून एखाद्या वेळीच असते, त्यांना मी असा प्रिंटर घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यांनी फोटो एखाद्या स्टुडिओतून काढून घ्यावेत, आणि हे मी आमचे दुकान आहे म्हणून म्हणत नाही.

मेन स्विचच्या वर मी एक लाल चिकटपट्टी लावली आहे. आप्पा रात्री आता तिथे हात नेतात, थांबतात आणि आतल्या खोलीत मला ऐकू येईल अशा आवाजात विचारतात, “दिवा विझला काय रे?”