आईच्या वृद्धाश्रमातली जेवणाची वेळ : गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आईला पार्किन्सन्स आहे. गणपतीनंतर ती पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली. नाव देत नाही, कारण माझं सांगणं कुठल्याही वृद्धाश्रमाला लागू आहे. खोली, बाग, लिफ्ट नंतर बघा. आधी दुपारी साडेबाराला डायनिंग हॉलमध्ये तासभर बसा.

आईला पाणी पिताना ठसका लागतो. गिळण्याची क्रिया मंदावली की घोट श्वासनलिकेत उतरू शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होण्याची भीती असते. स्पीच थेरपिस्टनी पाणी, चहा, ताक सगळं घट्टसर करून द्यायला सांगितलं. पेय किती दाट आणि अन्न किती मऊ हे ठरवणारी आयडीडीएसआय नावाची 0 ते 7 अशी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, तिच्यावर आईचं पेय 2 नंबरचं, म्हणजे किंचित घट्ट. इथल्या स्वयंपाकघरात त्यासाठी ठरावीक मापाची, सुई नसलेली सिरिंज ठेवलेली आहे. 10 मिली भरायचं, 10 सेकंद वाहू द्यायचं, 4 ते 8 मिली उरलं तर बरोबर. घट्ट करायची पावडर घातल्यावर थोडं थांबून मगच मोजतात. हे त्यांनी आपणहून दाखवलं आणि तिथेच माझा विश्वास बसला.

भाजीचा तुकडा 4 मिलिमीटरहून मोठा नको असतो. काट्याच्या दोन दात्यांमधली फट साधारण तेवढीच, म्हणून मावशी काटा लावून बघतात. वरणभात आपल्याला सगळ्यात सोपा वाटतो, पण पातळ वरणात मोकळी शितं असली की तोंडात पातळ आणि घट्ट एकदम येतं आणि तेच आईसारख्यांना अवघड जातं. इथे भात मऊ शिजवून दाट वरणात घोटून देतात. पोहे, चिवडा, कोरडी भाकरी बंद. ज्यांचं सगळंच वाटून द्यावं लागतं त्यांचीही भाजी, वरण, भात वेगवेगळ्या वाटीत येतात, एकत्र फिरवून एकच लगदा करत नाहीत. होळीला पोळी झेपणार नव्हती, तर पुरण दूध-तुपात गुळगुळीत वाटून दिलं. आईने वाटी चाटूनपुसून संपवली!

भरवणाऱ्या मावशी समोर स्टुलावर, आईच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतात. उभं राहून भरवलं की माणूस मान वर करून घास घेतो आणि ठसक्याचा धोका वाढतो. आधीचा घास गिळलेला दिसेपर्यंत पुढचा चमचा उचलत नाहीत. जेवण झाल्यावर अर्धा तास ताठ बसवून ठेवतात. या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे माणसं. एका मावशीकडे किती जणांना भरवायचं काम आहे, हे विचाराच. सोमवार ते शनिवार इथे एका मावशीकडे दोघंजण असतात.

रविवारी एकीकडे चौघं होतात आणि फरक लगेच कळतो. उभ्याउभ्या भरवणं, मोठे चमचे, आईचा घसा खरवडल्यासारखा आवाज. मी लेखी तक्रार केली. आता रविवारी एक जास्तीची मावशी येते, पण दर आठवड्याला नाही. हे मला मान्य नाही आणि मी पाठपुरावा सोडलेला नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. रात्रीचं जेवण साडेसहाला आणि नाश्ता साडेआठला, म्हणजे मध्ये 14 तास पोट रिकामं. सुरुवातीला आईचं वजन उतरलं. ते दर महिन्याला वजन नोंदवतात म्हणून वेळीच लक्षात आलं. रात्री नऊला दाट नाचणीचं सत्त्व सुरू झालं आणि वजन सावरलं.

पार्किन्सन्सवाल्यांनी गोळीचं आधीच बोलून घ्यावं. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध आणि डाळ-दह्यातली प्रथिनं शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात, त्यामुळे डॉक्टरांनी आईला गोळी जेवणाआधी अर्धा तास दिली आहे. स्वयंपाकाला उशीर झाला तर नर्स आता गोळीची वेळही डॉक्टरांना विचारून सरकवते.

घट्ट करायच्या पावडरचे पैसे महिन्याच्या बिलात वेगळे लागतात. प्रवेश घेताना ते कुणी सांगत नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.