शाळेत लेखक-चित्रकार आणणारी सेवा: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

सांगलीतलं एक पुस्तकांचं दुकान सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये बालसाहित्यिक आणि चित्रकार घेऊन जातं. एक पाहुणा, एक दिवस, तीन सत्रं. मानधन, प्रवास आणि आधी येणारी पुस्तकांची पेटी असं सगळं एकाच रकमेत. चाळीस पटाच्या एकट्या जिल्हा परिषद शाळेला हे झेपत नाही. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, तीन शाळांनी एकेक सत्र वाटून घेतलं तर झेपतं, आणि दुकानाची त्याला ना नसते.

सेवा घ्यावी, असंच आमचं मत आहे. पण तिचा जीव पाहुण्यापेक्षा त्या पेटीत आहे.

पेटी पंधरा दिवस आधी येते. तीस पुस्तकं, म्हणजे सहा शीर्षकांच्या पाच-पाच प्रती, एक नोंदवही आणि प्रश्न लिहायच्या कोऱ्या चिठ्ठ्या. पुस्तकं घरी गेली असतील तर चिठ्ठीवर ‘शेळी शेवटी परत का आली नाही?’ असा प्रश्न येतो. कपाटात राहिली असतील तर ‘आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ येतो, आणि तो बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला असतो हे पाहुण्याला पहिल्या मिनिटाला कळतं. कपाटाला कुलूप लागतं ते आळसापोटी नाही. प्रत हरवली तर भुर्दंड कुणाला, ही धास्ती असते. खरं तर दोन-तीन प्रती गहाळ झाल्या तर दुकान पैसे मागत नाही. पण ही अट फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. ती फोनवर पहिल्याच वाक्यात सांगायला हवी.

जत तालुक्याच्या सीमेलगतच्या शाळांत बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. तिथे मजकूर जास्त असलेली पेटी तशीच परत जाते. मागितली तर शब्दांविना, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात, म्हणून मागावीच. जोडीला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून एकच गोष्ट मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत उतरवून छापून घेता येते. ती मोफत आहे.

लेखक हवा की चित्रकार? पहिली ते चौथीसाठी डोळे झाकून चित्रकार घ्या. लेखकाने तीस मिनिटं वाचून दाखवलं तर दुसरीचा वर्ग विसाव्या मिनिटाला चुळबुळू लागतो. चित्रकाराने रेघ ओढायला सुरुवात केली की तोच वर्ग गुडघ्यांवर उभा राहतो. एका सत्रात फळ्यावर म्हैस आली, गोल वळलेल्या शिंगांची. मागून आवाज आला, “ही मुऱ्हा झाली, आमची पंढरपुरी हाय.” चित्रकाराने तीच म्हैस पुन्हा काढली, खांद्याच्या मागे जाणाऱ्या लांब शिंगांची, आणि मग प्रत्येकाला आपापल्या गोठ्यातलं जनावर काढून हवं झालं. पुढची पंधरा मिनिटं कुणाला गप्प बसवावं लागलं नाही.

यासाठी शाळेने काय ठेवावं, हे दुकानाच्या सूचनापत्रात अर्धवट आहे. स्टँडवर पूर्ण आकाराची कार्डशीट आणि जाड टोकाचा काळा मार्कर हवा. पेन्सिलीची रेघ तिसऱ्या रांगेलाही दिसत नाही. स्टँड खिडकीच्या पुढे ठेवू नये, मुलांना उजेडापुढे नुसती सावली दिसते. कागदावर मोबाइल लावून प्रोजेक्टरवर दाखवण्याचा पर्याय दुकान देतं, पण आपल्या वर्गांत पुरेसा अंधार होत नाही आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. चाळीस-पन्नास मुलांपर्यंत स्टँडच बरा. त्याहून जास्त मुलं एका सत्राला बसवूच नयेत. दोनशे मुलं पटांगणात बसवून माइक दिला की त्याची सभा होते.

शेवटी मुलं एका ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका करतात. कागद तीनदा निम्मा दुमडून उलगडायचा, म्हणजे आठ चौकोन पडतात. मग लांबी निम्मी होईल असा एकदा दुमडून घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर निम्म्यापर्यंतच कापायचं. उलगडून उभा, लांबट दुमडायचा आणि दोन्ही टोकं आत ढकलायची. हमखास गडबड होते ती कापताना: घडीऐवजी मोकळ्या कडेने कात्री चालवली की कडाच फाटतात आणि पुस्तिका उभीच राहत नाही. तिसरीपर्यंत शिक्षकांनी आदल्या दिवशी कापून ठेवावं. साध्या झेरॉक्सच्या कागदावर स्केचपेन मागे फुटतं, तेव्हा रंगीत पेन्सिलीच द्याव्यात.

आता सत्कार. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, सरपंचांचं मनोगत, आभार: पंचेचाळीस मिनिटांतली पंचवीस इथेच जातात. दुकानाचा माणूस भिडेखातर काही बोलत नाही, ही या सेवेची मोठी उणीव. सत्कार मधल्या सुट्टीत, चहासोबत उरका, एवढं त्यांनी पत्रातच लिहिलं तर मुख्याध्यापकांचीही सुटका होईल.

मार्ग आखण्यातही दुकान कच्चं आहे. जत जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिराळा पश्चिमेला. दोन्हीकडची सत्रं एका दिवसात लावली की दुपारचं सत्र रद्द झालंच म्हणून समजा. पाटण, महाबळेश्वरकडे जुलै-ऑगस्टच्या पावसात तारीख घेऊच नये. शनिवारी सकाळची शाळा असते, दोनच सत्रं बसतात, तरी पैसे तीनचेच घेतात. पोषण आहाराची वेळ आधी कळवली नाही तर दुसरं सत्र खिचडीच्या वासात संपतं.

पुस्तकविक्रीबद्दल आमची तक्रार आहे. पंधरा टक्के सूट ठीक, पण टेबल वर्गाच्या दारातच मांडतात. पैसे आणलेली मुलं सही घेतात, बाकीची बघत उभी राहतात. टेबल शाळा सुटल्यावर, पालक आले की मांडायला सांगा, आणि सही प्रत्येकाच्या आठ पानी पुस्तिकेवर घ्या. प्रत्येक मुलाच्या हातात त्याचं नाव ठळक लिहिलेली चिठ्ठी द्या. नावं विचारत बसलं तर पन्नास सह्यांना अर्धा तास कुठेच गेला नाही.

वाई, जावळीकडच्या शाळा विचारतात की त्याच पैशांत भिलारची सहल का काढू नये. जरूर काढावी. 4 मे 2017 पासूनचं ते पुस्तकांचं गाव जवळच आहे आणि घराघरांत बसून फुकट वाचता येतं. फक्त तिथे पुस्तक भेटतं, ते लिहिणारा भेटेलच असं नाही. सहल आधी आणि पाहुणा नंतर, असा क्रम लावला तर पेटीचं निम्मं काम भिलारमध्येच होतं.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांच्या तारखा सगळ्यांनाच हव्या असतात. त्या आठवड्यांत चांगले चित्रकार मिळत नाहीत, जो मोकळा असेल तो पाठवतात. डिसेंबर-जानेवारी स्नेहसंमेलनांत जातो. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा किंवा दिवाळीनंतरचे तीन आठवडे मागा, आणि फोन शाळा उघडल्या उघडल्या, जूनमध्येच करा. नाव ठरलं की तेच लेखी मागून घ्या; ‘ऐनवेळी पाहुणा बदलू शकतो’ हेही त्या मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातच आहे.