ओडीटी फाइल आणि लिबरऑफिस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चपासून आमच्या छोट्या दिवाळी अंकाचं संपादन मी लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारखं काम करणाऱ्या मोफत प्रोग्रॅममध्ये, करते आहे आणि प्रत्येक लेखाची मूळ प्रत ओडीटीतच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या फाइल-प्रकारातच, ठेवते. याला कारण एक जुनी सीडी. वीसेक वर्षांपूर्वीच्या अंकाचे लेख तिच्यावर होते. फाइली उघडल्या, पण अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी चिन्हं. तेव्हाचा फाँट आता कुणाकडेच नाही. त्यातली एक कथा लिहिणाऱ्या बाई आज हयात नाहीत. छापील अंक समोर ठेवून ती मी पुन्हा टाइप केली. खरं तर तिथे फाँटच्या खासगी सांकेतिक रचनेने घात केला होता, फाइलच्या फॉरमॅटने नाही. तरी आपलं लिखाण कोणत्या कुलपात ठेवतो आहोत, हे तेव्हापासून बघायला लागले.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक ओडीटी फाइल झिपसारखी, म्हणजे अनेक फाइलींच्या गाठोड्यासारखी, उघडून पाहिली. आत content.xml नावाची फाइल असते... नाव देवनागरीत सांगायचं तर ‘कंटेंट डॉट एक्सएमएल’. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या सांकेतिक रचनेतली मराठी वाक्यं सरळ वाचता आली. उद्या लिबरऑफिस नसलं तरी मजकूर हाती लागेल, याची खात्री तिथे पटली. 

वर्डची डॉक्स फाइलही आतून झिपच असते. मग या दोन फॉरमॅटमधला वाद कसला? ओडीटी ज्यात मोडते तो ओडीएफ फॉरमॅट 2005 मध्ये ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं आणि 2006 मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाला. डॉक्समागच्या मायक्रोसॉफ्टच्या ओओएक्सएमएल फॉरमॅटचा मसुदा सहा हजारांहून जास्त पानांचा होता. आयएसओच्या 2007 च्या मतदानात तो अडला आणि 2008 मध्ये मंजूर झाला. भारताने दोन्ही वेळा विरोधात मत दिलं, नंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलासारखं अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. आपल्या देशाने घेतलेली ती भूमिका मला आजही बरोबर वाटते. त्या मानकाचे ‘स्ट्रिक्ट’ आणि ‘ट्रान्झिशनल’ असे दोन प्रकार आहेत. जुन्या सवयी सांभाळणारा ट्रान्झिशनल प्रकारच वर्ड एरवी वापरतं, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या सगळ्या सवयी पाळाव्या लागतात.

रोजच्या कामात हे कुठे जाणवतं? लेखकांकडून येणारे लेख बहुतेक डॉक्समध्ये असतात. मजकूर, तळटीपा, दुरुस्त्यांच्या खुणा, शेरे हे सगळं जवळजवळ नेहमी नीट येतं. चौकटीतला मजकूर आणि चित्रांभोवती वळवलेल्या ओळी मात्र सरकतात. सगळ्यात जास्त वेळ फाँटने खाल्ला. लेखकाने विंडोजमधला मंगल फाँट वापरलेला, माझ्या लिनक्सवर तो नाही. चार पानांचा लेख पाच पानांवर गेला. शेवटी सगळ्यांना ‘मुक्त’ हा मोफत देवनागरी फाँट पाठवला. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँट आतच बसवायची सोयही आहे, ती जरूर वापरा.

नव्याने येणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट आधीच सांगते. लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार रोमन लिपीपेक्षा वेगळा नोंदवला जातो. मी परिच्छेदाच्या शैलीत (स्टाइलमध्ये) अक्षरांचा आकार 12 चा 14 केला, इंग्रजी शब्द मोठे झाले, मराठी तसंच राहिलं. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय चालू करून देवनागरीचा आकार वेगळा द्यावा लागतो. हे कळेपर्यंत माझे तीन आठवडे गेले.

फाइल दोन्हीकडून पुन्हा पुन्हा डॉक्समध्ये सेव्ह करत राहिलात तर शैली हळूहळू विस्कटतात. मी आता आलेला लेख एकदाच ओडीटीत घेते, शैली लावते, लेखकाला तपासायला पीडीएफ पाठवते आणि त्याच्या दुरुस्त्या माझ्या प्रतीत स्वतः घालते. छापखान्यातही पीडीएफच जातं. या पद्धतीने यंदाचा अंक वेळेत निघाला. ती जुनी कथाही आता ओडीटीत आहे, आणि पुढच्या अंकात ती आम्ही पुन्हा छापणार आहोत.