सपोर्ट पर्सन सेवा: ताई बाराव्या दिवशी आल्या

शेजारच्या घरातील एका मुलीचे प्रकरण पोलिसांत गेले, तेव्हा तिच्या आईने मला सोबतीला घेतले, आणि पुढचे जवळजवळ वर्षभर बालकल्याण समितीने नेमलेल्या सपोर्ट पर्सनचे, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणाऱ्या व्यक्तीचे, काम मला जवळून पाहता आले. आम्ही त्यांना ताई म्हणत असू. मुलीची ओळख पटेल असे काहीही येथे लिहीत नाही. कायद्यालाही ते मान्य नाही.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 2012 चा असून या नेमणुकीची रीत 2020 च्या नियमांत सविस्तर दिलेली आहे. मुलाची आणि पालकांची संमती घेऊन समिती ही व्यक्ती देते, कुटुंबाला त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, आणि मुलाला ती नकोशी झाली तर कारण न सांगता तिची सेवा थांबवण्याची विनंती करता येते. ही शेवटची गोष्ट ताईंनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितली. त्या भेटीत त्यांनी घडलेल्या प्रकाराविषयी एकही प्रश्न विचारला नाही. मुलगी जेवते का, झोपते का, शाळेत कोणाला काय ठाऊक आहे, एवढेच आईला विचारून घेतले.

तक्रार आहे ती उशिराची. पोलिसांनी 24 तासांत समितीला कळवायचे असते, आमच्याकडे मात्र ताई बाराव्या दिवशी आल्या. जबाब मुलीच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते आणि त्या वेळी आई आत थांबू शकते. हे सारे ताईंनी समजावले तेव्हा तपासणी होऊन गेली होती आणि आई दाराबाहेर बसून राहिली होती. ते ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

न्यायालयातील सोबतीला मात्र मी पूर्ण गुण देईन. गोव्यात 2003 च्या बाल अधिनियमाने स्थापन झालेले स्वतंत्र बाल न्यायालय आहे, तरी लहान मुलीला न्यायालय हा शब्दच भिववतो. ताईंनी वहीच्या पानावर आतल्या खोलीचे चित्र काढून न्यायाधीश कुठे, वकील कुठे, ती स्वतः कुठे बसणार हे दाखवले. आरोपी तिला दिसणार नाही, वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फतच येतील आणि थकवा आला तर मध्ये थांबता येईल, हेही सांगितले. काय उत्तर द्यायचे हे त्यांनी एकदाही सुचवले नाही, उलट आई घोकून घेऊ लागली तेव्हा तिला अडवले. तारीख पुढे गेली की आदल्या संध्याकाळी फोन यायचा, त्यामुळे म्हापशाला बस बदलून पणजी गाठण्याचा फुकटचा हेलपाटा दोनदा वाचला (रोजंदारी बुडणाऱ्या घराला याची किंमत कळते). इंग्रजी कागद त्या कोंकणीतून समजावीत. निकालाआधीही अंतरिम भरपाई मागता येते, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळले आणि अर्जही त्यांनीच लिहून दिला.

ताई रजेवर असताना बदली कोणी नव्हते. तीन आठवडे आम्ही अंधारात होतो.

कोणावर अशी वेळ आली तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि तक्रार नोंदवतानाच, रुग्णालयात जाण्यापूर्वी, सपोर्ट पर्सनची मागणी लेखी द्यावी.