‘नस सरकली आहे’ म्हणत उकळलेले अठरा हजार

टेनिस एल्बोसाठी, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यासाठी, मॅन्युअल थेरपीचं (हाताने केल्या जाणाऱ्या उपचारांचं) पॅकेज घ्यायच्या विचारात असाल, तर आधी हे वाचा.

माझ्या वहिनीचं पोळी-भाजी केंद्र आहे. सतत लाटून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. पुढे पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ यायची. जवळच्याच एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या माणसाने कोपर दाबून सांगितलं, “ताई, नस सरकलीय. सचिनला याच दुखण्यासाठी ऑपरेशन करावं लागलं होतं. तुमची मी हाताने बसवून देतो.” वहिनी घाबरली. अठरा हजार रुपये आगाऊ घेतले, पावती मात्र साध्या कागदावर, नाव-शिक्का काही नाही.

त्याने मनगट खाली वाकवून धरलं आणि कोपर एका झटक्यात सरळ केलं. कट् आवाज आला. “बसली बघा!” त्या दिवशी खरंच हलकं वाटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पुन्हा झटका. काही दिवसांनी तो स्वतः यायचाच बंद झाला. एक पोरगा येऊन दहा मिनिटं मशीन फिरवायचा. व्यायामाचं विचारलं तर म्हणायचे, “हात अजिबात हलवायचा नाही, नस परत सरकेल.”

लबाडी इथेच आहे, आणि याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो. टेनिस एल्बोत काहीही सरकलेलं नसतं. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) अतिवापराने झिजतो. झटक्याची ती पद्धत खोटी नाही, मिल्स नावाच्या डॉक्टरांनी ती 1928 मध्येच मांडली होती. पण अशा हाताच्या उपचारांचा आराम बऱ्याचदा तात्पुरता असतो. कंडऱ्यात बळ येतं ते व्यायामाने, आणि तोच त्यांनी बंद करायला लावला. रुग्ण स्वतःचं स्वतः करायला शिकला तर पॅकेज कोण घेणार?

शेवटी सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी हात टेबलावर ठेवून, तळवा खाली, मुठीत हलकं वजन देऊन मनगट सावकाश खाली सोडायला शिकवलं. थोडं दुखलं तरी चालेल, म्हणाल्या, आणि पिशवी उचलताना तळवा वर ठेवा. काही महिने लागतील हेही स्पष्ट सांगितलं. वहिनी आता निम्म्या पोळ्या मदतनीस बाईंकडे देते, आणि तांब्या विनासायास उचलते.

त्या क्लिनिकवाल्याकडे महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला, तेव्हा त्याने भिंतीवरचं कुठल्याशा छोट्या कोर्सचं प्रमाणपत्र दाखवलं. उरलेले पैसे परत मागितले तर “पॅकेज नॉन-रिफंडेबल”. पक्की पावती न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तुमच्याही बाबतीत असं घडलं असेल तर तो साधा कागद फाडू नका, आणि पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.