शॉकअप बसलेत: जाड ऑइल, स्पेसर, स्प्रिंग की नवा शॉक?

२०१६-१७ च्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, त्याच्या आधीच्या हिरो इम्पल्स आणि आता २०१९ च्या पहिल्या खेपेतल्या हिरो एक्सपल्ससुद्धा, या सगळ्या मोटरसायकलींच्या मालकांची तक्रार हल्ली सारखीच असते: गाडी मऊ पडली. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात पुढून ठक्क आवाज येतो आणि मुरबाडच्या पुढे कच्चा रस्ता लागला की मागची बाजू होडीसारखी डुलते. मेकॅनिकचं उत्तर ठरलेलं: जाड ऑइल टाकू, कडक होईल. कडक होतं हे खरं, पण जिथे हवं तिथे होतं का, ते आधी बघा.

तक्रार एक, दुखणी दोन. स्प्रिंग वजन पेलते, ऑइल तिची उसळी आवरतं. पुढचा ब्रेक दाबून हँडल जोरात खाली ढकला आणि सोडा. पुढचं टोक वर येऊन तिथेच थांबलं तर ऑइल काम करतंय. पुन्हा खाली, पुन्हा वर असं झुलत राहिलं तर ऑइल गेलं. झुलत नाही, पण स्पीडब्रेकरवर पूर्ण दबून तळ गाठते, तर स्प्रिंगचा संशय घ्यायचा.

संशय फिटवायला टेप पुरते. पुढचं चाक अधांतरी ठेवून फोर्क पाईपचा (पुढच्या चाकाला धरणाऱ्या शॉकअपच्या नळीचा) उघडा भाग मोजा. मग हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. हिमालयनच्या पुढच्या फोर्कची चाल, म्हणजे दबायचं एकूण अंतर, २०० मिलिमीटर आहे. फरक तिच्या ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६० मिलिमीटरच्या जवळ असेल तर स्प्रिंगला हात लावू नका. ८०च्या पुढे गेला तर पुढचं वाचा.

ऑइल तर सगळ्यांनाच बदलावं लागतं, त्यामुळे ते पर्यायांत धरत नाही. जुनं ऑइल राखाडी निघतं, त्यात बुशच्या (फोर्कच्या आतल्या कड्यांच्या) झिजेचे चंदेरी कण चमकतात आणि कुजका वास हाताला दोन दिवस राहतो. प्रश्न आहे तो कोणतं भरायचं याचा. जुन्या साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरावीक भोकांतून ढकललं जातं, आणि चाकाचा वर-खाली होण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणूनच १० ऐवजी २० नंबर (नंबर मोठा तेवढं ऑइल जाड) टाकलं की ब्रेक मारताना नाक कमी बुडतं, पण उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची किंवा पुलाच्या जॉइंटची कड थेट मनगटात येते. मुंबईत अशा कडांना तोटा नाही. माझं मत: कंपनीने सांगितलेल्या नंबरवर राहा, उसळी फारच असेल तर एक पायरी वर जा. हिवाळ्यात स्पितीला जायचा बेत असेल तर तेवढंही नको, थंडीत ते आणखी घट्ट होतं. शिवाय हे नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकाचं १५ दुसऱ्याच्या १०च्या जवळ निघू शकतं, तेव्हा डब्यामागचा ४० अंशांवरचा सेंटिस्टोकचा (ऑइलचा जाडपणा मोजायच्या एककाचा) आकडा बघून तुलना करा.

तळच गाठत असेल तर नंबर न बदलता ऑइलची पातळी ५ ते १० मिलिमीटर वाढवून बघा. आतली हवा कमी होते आणि चालीच्या शेवटी फोर्क आपोआप कडक होतो. याला जादा खर्च जवळपास शून्य. अतिरेक केला तर मात्र सील (ऑइल आत रोखणारी रबरी रिंग) बाहेर येतं.

आता स्पेसर की स्प्रिंग. स्पेसर म्हणजे बहुतेक ठिकाणी पीव्हीसी पाईपचा सरळ कापलेला तुकडा आणि वर वॉशर. उदाहरणादाखल दोन्ही स्प्रिंग मिळून एका मिलिमीटरला १ किलो घेतात असं धरू. २० मिलिमीटरचा स्पेसर टाकला की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरसकट २० किलोंची भर पडते. त्याऐवजी मिलिमीटरला १.२ किलो घेणारा जोड बसवला तर पहिल्या २० मिलिमीटरवर फरक जेमतेम ४ किलो, पण १५० मिलिमीटरवर ३० किलो. म्हणजे बारीक खड्ड्यात गाडी तशीच नरम आणि मोठ्या आदळआपटीत आधार. वजनदार चालक, मागे कायम कोणीतरी आणि वर सामान, असं असेल तर स्प्रिंगच घ्या. सत्तर किलोंच्या एकट्या माणसाने घेऊ नये.

स्पेसर अगदीच टाकाऊ नाही. स्प्रिंग जुनी झाली की तिची ताकद फारशी कमी होत नाही, लांबी कमी होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये लांबीची मर्यादा दिलेली असते. मर्यादेच्या आत राहून थोडी बसली असेल तर तेवढ्याच लांबीचा तुकडा हा सरळ, स्वस्त इलाज आहे. त्याहून लांब टाकला तर चाल संपायच्या आधीच वेटोळी एकमेकांना टेकतात.

एक मुंबईची खास बाब: खारी हवा. फोर्क पाईपवरून नख फिरवा. गंजाच्या खड्ड्यात अडकलं तर नवं सील फार टिकणार नाही. आधी पाईप बदला किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्या.

मागचा शॉक हा या सगळ्यातला महागडा प्रश्न, आणि माझ्या मते पैसे तिथेच घालावेत. पुढच्या ऑइल-सीलचं काम चार आकड्यांत होतं, बाहेरचा चांगला शॉक पाच आकड्यांत जातो. कंपनीचे शॉक बहुतेक सीलबंद असतात. लेथवर कापून, ऑइल भरून, पुन्हा वेल्ड करून देणारे भेटतात, पण नायट्रोजन दाबाने भरायची सोय आहे का हे विचारल्याशिवाय शॉक हातात देऊ नका. गॅसचा दाब नसेल तर ऑइलला फेस येतो. शहरात चालून जातं आणि अर्ध्या तासाच्या खडबडीत वाटेवर शॉक हार मानतो. अशा दुरुस्तीपेक्षा कंपनीचा नवा शॉक बरा. महिन्याकाठी एखादी कच्ची वाट आणि बाकी ऑफिस, एवढाच वापर असेल तर तो पुरतो. रिबाउंड (दबून पुन्हा वर येण्याचा वेग) फिरवता येणारा, वजनानुसार स्प्रिंग निवडता येणारा बाहेरचा शॉक तेव्हाच घ्या, जेव्हा गाडी आणखी चार-पाच वर्षं ठेवायची आहे. नाहीतर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

ऑर्डर द्यायच्या आधी शॉक सोडवून लिंकेजचे (शॉकला जोडणाऱ्या दांड्यांचे) आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या लांब हाताचे) बेअरिंग हाताने फिरवून बघा. दोन पावसाळे प्रेशर वॉशर मारलेल्या गाडीत ते कोरडे किंवा गंजलेले निघतात, आणि मागची डुलकी कधीकधी तेवढ्यावरच थांबते. शॉक बदललाच तर मागची बाजू थोडी उंच बसेल. चेन पुन्हा ताणून घ्या आणि साइड स्टँडवर गाडी किती कलते ते सपाट जागी बघा.